मोंशीकचे उन्हाळे

गोव्यात मे महिना लागला आणि शाळांना सुट्टी पडली, की पूर्वी मडगावकडची कुटुंबे भांडीकुंडी, उशा-चादरी आणि लोणच्याच्या बरण्या गाडीत घालून कोलव्याच्या किनारी मुक्कामाला जात. बार्देशातली मंडळी कळंगुट गाठीत. या हवापालटाला नाव होते ‘मुदांस’. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘बदल’ एवढाच. पण खाऱ्या पाण्यात रोज बुडी मारली की वर्षभराची अंगदुखी जाते, ही श्रद्धाही त्या शब्दाच्या पोटी असे. हा शब्द ज्या देशातून आला, त्या देशाच्या अगदी दक्षिणेच्या प्रांतात मात्र या प्रवासाची दिशा उलटी होती. तेथे दुखणाईत माणूस समुद्रकिनारा सोडून डोंगरात जाई. त्या डोंगराचे नाव मोंशीक. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी एक राजा याच डोंगरातल्या कढत झऱ्यांकडे प्रकृती सुधारावी म्हणून गेला, आणि त्याचा हा हवापालट हिंदुस्थानच्या इतिहासात एका बाजूने गुंतून राहिला आहे.

पोर्तुगालचा हा दक्षिण प्रांत म्हणजे अल्गार्व. नाव अरबी आहे. ‘अल्-घर्ब’ म्हणजे पश्चिम. अरबांच्या स्पेनमधल्या राज्यांचा हा पश्चिमेकडचा कोपरा. येथे त्यांचे मुख्य नगर सिल्व्हिश. लाल दगडाचा त्याचा कोट अजून उभा आहे. पोर्तुगीजांनी १२४९ साली फारू शहर घेतले, तेव्हा हा सारा प्रांत त्यांच्या हाती आला. किनारा कोरडा, बदामाचा, अंजिराचा आणि मासळीचा. पण किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आत गेले की जमीन एकदम उठते आणि फोया व पिकोता ही दोन शिखरे समोर येतात. फोयाची उंची ९०२ मीटर, पिकोताची ७७४. सह्याद्रीच्या मापाने ही उंची काही मोठी नव्हे. महाबळेश्वर त्याहून बरेच उंच आहे. पण अटलांटिकवरून येणारा ओला वारा वाटेत दुसरे काही न भेटता या डोंगराला येऊन थडकतो, आणि म्हणून किनाऱ्यावर पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस येथे पडतो. खाली खडखडीत ऊन असताना वर धुके असते. ओढ्यांच्या काठी चेस्टनटची झाडे, उतारावर बुचाचे ओक, पायऱ्यापायऱ्यांची शेते. लोक या गावाला ‘अल्गार्वचे सिंत्रा’ म्हणतात. लिस्बनजवळच्या सिंत्राच्या डोंगरात राजघराण्याचे वाडे होते, म्हणून ही उपमा.

डोंगराचा दगडही आसपासच्या मुलखाहून निराळा. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातला रस वर सरकून पृष्ठभागाखालीच थिजला आणि पुढे वरची माती-खडक झिजून तो उघडा पडला. त्यातल्या एका जातीच्या दगडाला जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ फोया शिखरावरून ‘फोयाइट’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही साधारण त्याच प्राचीन युगाच्या आगेमागे ओतला गेला, हा योगायोग नोंदवून पुढे जावे. महत्त्व आहे ते या दगडाच्या भेगांतून वर येणाऱ्या पाण्याला. कोकणात अशा झऱ्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात, पोर्तुगीजांत ‘काल्दश’. मोंशीकच्या काल्दशचे पाणी खरे तर कढत नव्हे. त्याची उष्णता सुमारे बत्तीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाहूनही कमी. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय पोळून घेतलेल्या माणसाला ते कोमटच वाटेल. पण ते फार क्षारयुक्त आहे, त्वचेला बुळबुळीत लागते, आणि सांधे, त्वचा व श्वासाच्या विकारांवर त्याचा गुण येतो, असा लौकिक रोमन काळापासून आहे. रोमनांच्या स्नानगृहांचे अवशेष तेथे सापडलेले आहेत.

या पाण्याकडे १४९५ सालच्या ऑक्टोबरात आला तो पोर्तुगालचा राजा दों जुआंव दुसरा. वय अवघे चाळीस. इतिहासात त्याला ‘आदर्श राजपुत्र’ असे बिरुद आहे. बिरुदे बहुधा मागाहून चिकटतात आणि त्यांच्या आड बरेच काही झाकले जाते. या राजाने सरदारांचे बंड मोडले ते १४८३ साली ब्रागांसाच्या ड्यूकचे एव्होरा येथे डोके उडवून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कटाचा सुगावा लागला, तेव्हा व्हिजेउच्या ड्यूकला, म्हणजे प्रत्यक्ष राणीच्या भावाला, त्याने सेतूबल येथे भेटीस बोलावून स्वतःच्या हाताने खंजिराने मारले. स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंना त्याने १४९२ साली पैसे घेऊन काही महिन्यांपुरता आसरा दिला, आणि मुदतीत जे देश सोडू शकले नाहीत त्यांची मुले आईबापांपासून तोडून आफ्रिकेजवळच्या सांव तोमे बेटावर धाडली. त्या रोगट बेटावर त्यांतली बहुतेक दगावली. कर्तबगारी आणि क्रौर्य या राजाच्या ठायी एकत्र नांदत होते, आणि कोणत्याही एकाचे नाव घेऊन दुसरे पुसता येत नाही.

पण ज्या गोष्टीमुळे या राजाचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात यावयास हवे ती निराळी. समुद्रमार्गाने हिंदुस्थान गाठण्याची पद्धतशीर योजना याची. ७ मे १४८७ रोजी त्याने सांतारें येथून पेरो द कोव्हिल्यां आणि आफोंसो द पायव्हा या दोघा अरबी जाणणाऱ्या हेरांना व्यापाऱ्याच्या वेषात पूर्वेकडे रवाना केले. कोव्हिल्यां एडनवरून कण्णूर, कालिकत आणि गोवा येथे येऊन गेला. वास्को द गामाच्या सुमारे दहा वर्षे आधी एक पोर्तुगीज माणूस गोव्याच्या बंदरात घोड्यांचा आणि मसाल्यांचा व्यापार डोळ्यांनी पाहून गेला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परतताना कैरो येथे राजाने धाडलेले दोन ज्यू दूत त्याला भेटले, आणि त्यांच्याहाती त्याने हकीकत लिहून पाठविली. कोव्हिल्यां पुढे हबसाणात गेला आणि तेथून त्याला परत येऊ दिले नाही. इकडे १४८८ साली बार्तोलोमेउ दियश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला. १४९४ साली तोर्देसियाश येथे स्पेनशी करार होऊन पूर्वेकडचा समुद्र पोर्तुगालच्या वाट्याला आला. आता जहाजे सोडणेच काय ते उरले होते.

पण नेमक्या याच वेळी राजाचे घर आणि शरीर दोन्ही खचली होती. त्याचा एकुलता एक औरस मुलगा आफोंसो १४९१ च्या जुलैत सांतारेंला नदीकाठी घोड्यावरून पडून सोळाव्या वर्षी मरण पावला. लग्नाला वर्षही पुरे झाले नव्हते. राजाला जोर्ज नावाचा एक अनौरस मुलगा होता. त्याला गादी मिळावी अशी राजाची फार इच्छा. राणी दोना लेओनोर मात्र आपला धाकटा भाऊ मानुएल याच्या बाजूने उभी राहिली. ज्याचा थोरला भाऊ नवऱ्याने मारला त्याच्यासाठीच तिने नवऱ्याशी झुंज घेतली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घरात कसली शांतता असेल याची कल्पना येते. पोपची संमती मिळाली नाही. अखेर २९ सप्टेंबर १४९५ रोजी आल्कासोवश येथे राजाने मृत्युपत्र केले आणि त्यात मानुएलला वारस नेमले. मनाविरुद्ध हा लेख करून, सुजलेल्या अंगाने, तो मोंशीकच्या उन्हाळ्यांकडे निघाला.

ऑक्टोबरात मोंशीकच्या उतारावर ‘मेद्रोन्यो’ची झुडपे पाहण्यासारखी असतात. गेल्या वर्षीच्या फुलांची फळे पिकून लालभडक झालेली असतात आणि त्याच डहाळीवर यंदाची पांढरी फुले लटकत असतात. चेस्टनटची बोंडे याच सुमारास तडकू लागतात. आजारी माणसाने हवापालटाला यावे असाच तो हंगाम. राजाच्या वैद्यांचा आणि दरबाऱ्यांचा भरवसा पाण्यावर होता, आणि तो काही वेडगळ नव्हता. त्या काळी युरोपात राजापासून रंकापर्यंत सर्वांची शेवटची धाव उन्हाळ्यांकडेच असे. याच राजाच्या राणीने १४८५ साली लिस्बनच्या उत्तरेस एका अशाच झऱ्याकाठी गोरगरिबांसाठी इस्पितळ उभारायला घेतले होते. त्याभोवती वसलेल्या गावाला आजही ‘काल्दश द राइन्या’, राणीचे उन्हाळे, म्हणतात. प्रवासात डबक्यातल्या घाण वासाच्या पाण्यात रोगी बसलेले पाहून तिने ते का बसले आहेत म्हणून विचारले, अशी तेथली आख्यायिका आहे. तीच राणी १४९८ साली लिस्बनला ‘मिझेरिकॉर्दिया’ ही दानधर्माची संस्था स्थापण्यात पुढे होती. त्या संस्थेची गोव्यातली शाखा पुढे शतकानुशतके अनाथांना आणि विधवांना आधार देत आली. पाण्याच्या आणि सेवेच्या गुणावर एवढी श्रद्धा असलेली ही बाई नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याच्याजवळ नव्हती. मानुएलही नव्हता.

मोंशीकच्या स्नानांनी गुण आला नाही. उलट प्रकृती अधिकच ढासळली. राजाला डोंगरावरून खाली, वीसएक किलोमीटर दूर असलेल्या आल्व्होर या मच्छीमारी बंदरात आणण्यात आले. तेथेच २५ ऑक्टोबर १४९५ रोजी त्याने देह ठेवला. जवळ असलेल्यांत गार्सिया द रेझेंद हा तरुण सेवक होता. त्याने पुढे राजाचे चरित्र लिहिले आणि मृत्युशय्येची हकीकत त्यात सविस्तर नोंदवली. विष घातल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली, आणि ज्या राजाने एवढी वैरे जोडली होती त्याच्याबद्दल ती न होती तरच नवल. हल्लीचे अभ्यासक अंगावरची सूज आणि बाकीची लक्षणे पाहून मूत्रपिंडाच्या विकाराकडे बोट दाखवतात. तसे असेल तर मोंशीकच्या पाण्यावर दोष ठेवण्याचे कारण नाही. त्या काळी कोणत्याच पाण्याने तो राजा वाचला नसता.

प्रेत सिल्व्हिशच्या कॅथीड्रलमध्ये पुरले. अनेक वर्षे आखलेली मोहीम आयती मानुएलच्या पदरात पडली. १४९७ च्या जुलैत वास्को द गामाची गलबते लिस्बनहून सुटली, पुढच्या मे महिन्यात ती कालिकतच्या किनारी लागली, आणि १४९९ साली परत आली. त्याच १४९९ साली मानुएलने जुआंवची अस्थी सिल्व्हिशहून उचलून मोठ्या समारंभाने बाताल्याच्या मठात राजघराण्याच्या दफनभूमीत नेली. हिंदुस्थानची वाट उघडल्याची वार्ता देशात पोहोचली ती वाट आखणाऱ्याचे थडगे हलविले त्याच वर्षी. मानुएल मात्र ‘भाग्यवान’ या बिरुदाने ओळखला जातो, आणि हे बिरुद तरी खोटे म्हणता येत नाही.

त्यानंतर मोंशीकला आला तो दों सेबास्त्यांव. अल्गार्वच्या दौऱ्यात १५७३ साली हा तरुण राजा येथे येऊन गेला. त्याला स्नानाची गरज नव्हती; त्याच्या डोक्यात मोरोक्कोवरची स्वारी होती, आणि पाच वर्षांनी तो तेथेच नाहीसा झाला. त्याच्या पाठोपाठ पोर्तुगालचे स्वातंत्र्यही गेले आणि १५८० पासून साठ वर्षे देश स्पेनच्या राजांच्या अंमलाखाली राहिला.

या स्पॅनिश अमदानीतच मोंशीकचा आणि गोव्याचा दुसरा, अधिक जवळचा संबंध जुळला. मोंशीक गावाच्या वरच्या अंगाला झाडीत एका मठाचे भग्नावशेष आहेत. ‘नॉस्सा सेन्योरा दु देश्तेर्रु’, म्हणजे परागंदा मातेचा मठ. बाळ येशूला घेऊन मिसर देशात पळून जावे लागलेल्या मरियेच्या नावाने तो वाहिलेला आहे. १६३१ साली फ्रान्सिस्कन पंथीयांसाठी तो बांधविला पेरो द सिल्व्हा नावाच्या सरदाराने. चार वर्षांनी, १६३५ साली, हाच पेरो द सिल्व्हा विजरेई होऊन गोव्यात आला.

वेळ वाईट होती. त्याच्या आधीचा विजरेई लिन्यारिशचा काउंट हा धडाडीचा माणूस. पणजी-रायबंदरचा लांबलचक पूल त्याच्याच कारकिर्दीतला. त्याच्यानंतर आलेल्या पेरो द सिल्व्हाला लोकांनी ‘मोल’, म्हणजे ‘मऊ’, असे टोपणनाव दिले. ते कितपत न्याय्य होते हा प्रश्नच आहे. १६३६ पासून डच आरमाराने मांडवीच्या मुखाशी दर मोसमाला नाकेबंदी मांडली. लिस्बनला जाणारी मसाल्याची गलबते बंदरात अडकून पडू लागली. १६३८ साली लंकेत गन्नोरुवा येथे कँडीच्या राजसिंहाने पोर्तुगीज फौज जवळजवळ साफ कापून काढली. त्याच साली बट्टिकलोआ गेले, आणि पुढच्या साली त्रिंकोमाली. माद्रिदच्या राजाला स्वतःच्या युद्धांतून हिंदुस्थानकडे पाहायला सवड नव्हती. पैसा नाही, माणसे नाहीत, जहाजे नाहीत, अशा वेळी कठोर विजरेईने तरी काय केले असते! २४ जून १६३९ रोजी पेरो द सिल्व्हा गोव्यातच वारला. सेंट जॉन बाप्टिस्टच्या सणाचा तो दिवस. गोव्यात ‘सांजांव’ म्हणून भर पावसात विहिरींत उड्या घेण्याचा. मोंशीकच्या धुक्यातला आपला मठ त्याला पुन्हा दिसला नाही.

आता या मठाच्या आवारातल्या झाडाची गोष्ट. तेथे एक प्रचंड मॅग्नोलिया बरीच वर्षे उभा होता. युरोपातला सर्वांत मोठा, अशी त्याची ख्याती सांगत. आणि हे झाड विजरेई पेरो द सिल्व्हाने हिंदुस्थानातून आणून लावले, असे प्रवाशांना आवर्जून सांगितले जाई. गोष्ट गोड आहे. पण ती टिकत नाही. एक तर विजरेई गोव्यातून परतलाच नाही. दुसरे म्हणजे हा मोठ्या पांढऱ्या फुलांचा मॅग्नोलिया मुळी हिंदुस्थानचा नव्हेच; तो उत्तर अमेरिकेतला, आणि युरोपात त्याचा प्रवेश झाला अठराव्या शतकाच्या आरंभी, विजरेईला मरून कित्येक दशके लोटल्यावर. तरीही गावाने हे झाड हिंदुस्थानचेच मानले. त्या डोंगरातून किती तरी तरुण गलबतांवर चढून पूर्वेकडे गेले आणि बहुतेक परतले नाहीत. त्यांच्यापैकी निदान एकाने तरी काही परत आणले असावे, अशी गावाची इच्छा असली तर ती समजण्यासारखी आहे. पुरावा मात्र त्या इच्छेच्या बाजूने नाही.

मठाचे पुढे काय झाले ते जुन्या गोव्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, ज्याने लिस्बन जमीनदोस्त केले त्यानेच, हाही मठ खिळखिळा केला. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धार्मिक पंथांचे मठ सरकारने बंद केले. गोव्यात तोच हुकूम १८३५ साली लागू झाला, आणि सेंट ऑगस्टीनचे भव्य मंदिर ओसाड पडून काही वर्षांत त्याचे छत कोसळले. मोंशीकचा मठ आणि जुन्या गोव्याचा तो एकाकी मनोरा ही एकाच घटनेची दोन टोके आहेत.

मोंशीक गावाला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला १७७३ साली. उन्हाळ्यांची व्यवस्था दीर्घकाळ अल्गार्वच्या बिशपांकडे होती. ते गरीब रोग्यांना तेथे ठेवून घेत. पुढे श्रीमंत घराणी येऊ लागली, झाडीत टुमदार घरे उठली. १९०३ साली पोर्तिमांवपर्यंत आगगाडी आली, तेव्हा तेथून घोडागाडीने डोंगर चढणे सोपे झाले. पण खरी उलथापालथ केली ती १९६५ साली सुरू झालेल्या फारूच्या विमानतळाने. उत्तर युरोपातले लोक उन्हासाठी आले आणि थेट वाळूवर उतरले. किनाऱ्यावर हॉटेलांची रांग लागली. डोंगर मागे पडला, आणि दुपारपुरती सहल करण्याची जागा झाला. प्रवासी गाडीतून येतात, फोयाच्या माथ्यावर आकाशवाणीचे खांब आणि लष्करी रडार यांच्यामधून समुद्राकडे पाहतात. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचे भूशिर दिसते आणि दक्षिणेला लागुशचा उपसागर. १४४४ साली आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा पहिला मोठा बाजार जेथे मांडला गेला तेच हे लागुश. गाडीतला वाटाड्या हे सांगतोच असे नाही.

उतरताना लोक कात्रीसारख्या मिटणाऱ्या लाकडी खुर्च्या विकत घेतात. रोमनांपासून चालत आलेली ही घडण, असे सुतार सांगतात. मेद्रोन्योच्या फळांची दारूही घेतात. फळे महिना-दोन महिने आंबवून तांब्याच्या भट्टीतून ती गाळतात. काजूची फेणी गाळताना ज्याने पाहिले आहे त्याला त्यातले काहीच परके वाटणार नाही. पण ही फळे गोळा करणारी माणसे कमी होत आहेत. तरुण किनाऱ्यावर कामाला गेले, पायऱ्यांची शेते ओस पडली, आणि कागदाच्या गिरण्यांसाठी लावलेले निलगिरीचे रान वाढत गेले. निलगिरी तेलाने भरलेली. पेटली की विझत नाही. २००३ साली डोंगर जळाला. ३ ऑगस्ट २०१८ रोजी पुन्हा पेटला आणि आठवडाभर जळत राहिला. सुमारे २७,००० हेक्टर रान आणि शेती राख झाली. उन्हाळ्यांच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना हलवावे लागले. मेद्रोन्योची झुडपे मात्र जळल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात, आणि फुटलीही.

खाली सिल्व्हिशच्या कॅथीड्रलमध्ये वेदीपुढे जमिनीत एक शिळा आहे. दों जुआंव दुसरा चार वर्षे जेथे होता ती ही जागा. शिळेखाली आता कोणी नाही.